काका आज सगळ्याले हाव म्हणून राह्यले

माह्या काकाचं रिसोडले मोटर वायंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरची मोटर जळली की लोक ती काकाकडे आणून टाकतात. काका आतली जळकी तार काढतात, नवीन गुंडाळतात, अन् मोटर पुन्हा पाणी ओढाले लागते. हे मी पहिले काहून सांगून राह्यली, तर दिवाळीच्या सुट्टीत हरभऱ्याले, गव्हाले पाणी द्याचं असते, अन् त्या दिवसात मोटरी जळतात तशा वर्षभर जळत नाईत. काका तवा जेवाले बी घरी येत नाईत. डबा आमी पोचवतो. दुकानात गेलं की काका मान वर न करता म्हणतात, "ठेव तथी." बस. तेवढंच.

अन् अशा भर सीझनमध्ये, दुकानासमोर मोटरी रांगेनं पडलेल्या असताना, काका त्या राती घरी जेवाले आले अन् जेवता जेवता म्हणाले,

"उद्या दुकान बंद. पोट्ट्याईले वाशीमले फिराले नेतो."

माह्या हातातला घास तसाच राह्यला. मी आईकडे पाह्यलं. आई वरणात पळी फिरवत होती, फिरवतच राह्यली. काकूकडे पाह्यलं, तर काकू एकदम उठून मीठ आणाले गेली. मीठ समोरच होतं!

आता आमच्या घरातले पोट्टे म्हणजे कोण, ते सांगते. आमचं घर एकत्र. बाबा वावर-शेती पाहतात, काका दुकान पाहतात, आई अन् काकू एकाच ओट्यावर सैपाक करतात. पोट्टे म्हणाल तर तिन्ही पोरीच. मी, माही लहान बहीण, ती तवा अकरा वर्षाची, अन् काकाची पोरगी. काकाची पोरगी माह्याहून तीन महिन्यानं मोठी. तीनच महिने, म्हणून मी तिले ताई म्हणत नाई. पहिलीपासून दहावीपर्यंत आमी एका बेंचवर. सायकल एक, कपाटातला कप्पा एक, मोबाईल बी एकच, अन् तो बी दिवसाआड. अकरावीले दोघी रिसोडलेच कॉलेजात जाऊ, हे आमचं कवाचंच ठरलेलं होतं. कोणत्या बाजूच्या बेंचवर बसाचं इथपर्यंत ठरलेलं!

पण काकाच्या त्या बोलण्याच्या आठ दिवस आधी मी काकूचं बोलणं ऐकलं होतं. आई अन् काकू मेथी निवडत होत्या. काकू म्हणे, "निकाल लागला की मंग खोल्या भेटत नाईत वो बाई. आतापासून पाह्यलेली बरी." तेवढ्यात मी आत आली, अन् आई लगेच म्हणे, "मेथी कवळी निघाली या वेळेले." असं कोणी मेथीचं कौतुक करते का कधी?

आमच्याकडे याले "खोली करून राहणं" म्हणतात. पोरगं अकरावीले गेलं की माय गॅस अन् चार भांडे घेऊन त्याच्यासंगं शहरात खोली करून राहते. बाप इकडेच. रविवारी डबा, भाजी, ज्वारीचं पीठ घेऊन जाते. आमच्या गल्लीतले चार घरं असे अर्धे झालेले मी पाह्यले. म्हणून मले लगेच समजलं. वाशीम, फिरणं, सुट्टी, हे सगळं वरवरचं. हे लोक तिले नेऊन राह्यले. माह्यापासून नेऊन राह्यले. अन् खोली पाहाले जाताना आमाले संगं कायले नेतात, तर आमी रडू नये म्हणून!

मी त्याच राती जेवणानंतर तिले ओसरीत बसवून सगळं सांगतलं. पुराव्यासकट. मीठ, मेथी, दुकान बंद, सगळं. ती नखावरचं जुनं नेलपॉलिश खरवडत होती.

"तुले लय डाऊट राह्यते वो," ती म्हणे.

"डाऊट नाई, खरं आहे. आपन टेस्ट घेऊ काकाची."

"कायची टेस्ट?"

"उद्या आपन मागत जाऊ. पहिले लहान गोष्ट, मंग मोठी, मंग त्याच्याहून मोठी. काका कधी कोनत्या गोष्टीले हो, हाव मनतात का? कायले पायजे, हेच मनतात. उद्या जर हाव मनत गेले, तं समज काही तरी लपवून राह्यले. जितकं मोठं हाव, तितकी मोठी भानगड."

"बरं," ती म्हणे. एवढंच.

लहान बहिणीले पुरं काही सांगतलं नाई. फक्त सांगतलं का उद्या काकाले जे पायजे ते माग. तिले कारण बी लागलं नाई.

सकाळी एसटीतच सुरुवात झाली. बहीण म्हणे, "काका, मले खिडकी." काका म्हणे, "हाव." मी म्हटलं, "मले बी खिडकी." काकानं समोरच्या सीटवरच्या एका बाबाजीले हात जोडून इकडे बसवलं अन् मले ती खिडकी देली. मी चुलत बहिणीकडे वळून भुवई उडवली. पाह्य! तिनं हसल्यासारखं केलं अन् बाहेर पाहाले लागली. बाहेर सोयाबीन निघून गेलेले काळे वावरं होते, पाहासारखं काहीच नव्हतं.

वाशीमले पहिले बालाजीच्या मंदिरात गेलो. काका डोळे मिटून लय वेळ उभे राह्यले. मी एक डोळा उघडा ठेवला. इतका वेळ माणूस काय मागते? पोरीले चांगली खोली भेटू दे?

मंग पद्मतीर्थ तलावावर गेलो. पायऱ्यावर बसून आमी पाण्यात मुरमुरे टाकले. तुमी पोट्ट्याईले घेऊन वाशीमले जासान ना, तर हे सकाळीच करा, कारण दुपारी पायरी अशी तापते का बसता येत नाई. बहीण तिथं म्हणे, "काका, भुट्टा." हाव. "काका, अजून एक." हाव. "काका, थो धनुष्यबाण." हाव! प्लास्टिकचा धनुष्यबाण, अकरा वर्षाच्या पोरीले! एरवी काकानं तिले असं झापलं असतं का ती आठ दिवस समोर आली नसती.

"आता मोठं मागू," मी चुलत बहिणीच्या कानात म्हटलं. "तू माग."

"तूच माग," ती म्हणे. "मले काही नाई पायजे."

हे तिचं "मले काही नाई पायजे" मी तवा तसंच सोडून देलं. माहं सगळं ध्यान काकावर होतं.

मी म्हटलं, "काका, पिझ्झा."

आता काकाचं अन् पिझ्झाचं काय आहे, ते तुमाले मालूम नाई. एकदा टीव्हीवर पिझ्झा दाखवला तर काका म्हणाले होते, "ही तं कच्ची भाकर आहे, वरून कोनी तरी उलटी केली." त्या काकानं मान हलवली. "हाव. कुठी भेटते?"

पिझ्झाच्या दुकानात एसी होता. काकानं पहिले एसीच्या आवाजाले कान देला अन् म्हणाले, "याचा कॉम्प्रेसर जाईन आता." मंग मेन्यूकार्ड उलटं-सुलटं करून माह्याकडे सरकवलं. पिझ्झा आला तसा त्याईनं त्याचा तुकडा भाकरीसारखा मोडाले घेतला, चीज लांबत गेलं, लांबत गेलं, काकाच्या कोपरापर्यंत आलं. बहीण हसून हसून खुर्चीवरून खाली. काका बी हसले. काकाचे वरचे दात मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाह्यले.

"चांगलं आहे की," काका म्हणाले.

पिझ्झाले चांगलं म्हणतात म्हणजे भानगड छोटी नाई!

मंग मी शेवटचं हत्यार काढलं. तिथं जवळच एका बिल्डिंगच्या वरच्या मजल्यावर गेम झोन होता. आत जाळीवर उड्या माराची मोठी जागा. ट्रॅम्पोलिन म्हणतात त्याले. तिथं घरचे मोजे चालत नाईत, त्यांचेच घ्यावे लागतात, हिरवे, खाली रबराचे ठिपके असलेले. मी म्हटलं, "काका, तुमी बी उड्या मारा आमच्यासंगं."

चुलत बहिणीनं माह्या दंडाले चिमटा घेतला. "पुरे ना आता वो."

काकानं चपला काढल्या. मंग म्हणाले, "हाव."

काउंटरवरच्या पोरीनं सांगतलं का खिशात टोकदार काही ठेवाचं नाई. काकानं शर्टाच्या खिशातून टेस्टर काढला. तो टेस्टर मी काकाच्या खिशाबाहेर फक्त हातातच पाह्यला होता, लग्नात बी खिशातच राह्यते. तो त्या पोरीच्या हातात देताना म्हणाले, "सांभाळजो मा." अन् पांढरा पायजामा, त्याच्याखाली हिरवे मोजे, अशे माहे काका जाळीवर उभे राह्यले. पहिले नुसते हलले. मंग थोडे उडाले. मंग बहीण त्यांच्या बाजूले जोरात आपटली अन् काका असे वर गेले, असे वर गेले का त्यांच्या तोंडून "अगा माय" निघालं. तिथले सगळे पोट्टे थांबून पाहाले लागले. एका पोट्ट्यानं आपल्या मम्मीले इचारलं, "हे अंकल अलाऊड आहे का?"

मी हसून हसून पोट धरलं. खरंच लय मजा आली, ते मी नाकारत नाई. आजबी मले ती उडी आठवते. पण हसता हसता बी डोक्यात एकच चालू होतं. एवढं सगळं करून राह्यले म्हणजे खोली पक्की झालेली आहे.

खाली उतरलो तर काका टेस्टर खिशात लावत म्हणाले, "तुमी तिघी अथी समोर आईस्क्रीम खा. माहं पाच मिन्टाचं काम आहे."

झालं! मी याचीच वाट पाहत होती. काका कोपऱ्यावरून वळले तशी मी उठली.

"चाला."

"कुठी?" चुलत बहीण म्हणे.

"मागं मागं. आज मी डोळ्यानं पाहाची आहे खोली."

"जाऊ दे ना. कायले पाठीमागं लागतं त्याईच्या? आईस्क्रीम इतळून जाईन."

"तुह्यासाठीच तं करून राह्यली मी!" मी म्हटलं. "तुले नेतीन थे, समजते का? अन् तू आईस्क्रीम खा!"

ती कप हातात घेऊनच उठली. बहीण धनुष्यबाण घेऊन सगळ्यात पुढं. काका दोन गल्ल्या वळले, एका किराणा दुकानासमोरून गेले, अन् एका दुमजली घराच्या बाहेरच्या जिन्यानं वर चढले. आमी समोर उभ्या असलेल्या एका गाडीमागं लपलो. बहिणीचा धनुष्यबाण वरून दिसत होता, तो मी खाली ओढला.

वरच्या गॅलरीत एक बाई आली. वाळत घातलेली चादर काढाले आली असन. तिनं खाली पाह्यलं, अन् तिले आमी सरळ दिसलो. मी मान खाली घातली. पण बाई चिडली नाई. बाई हसली.

"अवो, आली का तू? मंग तथी खाली कायले लपली? ये ना वर, तुहे बाबा आताच आले." अन् चादर खांद्यावर टाकत म्हणे, "तू मागच्या बारीले मनली होती ना नळाचं पानी खारट लागते मनून, थो फिल्टर बसवला पाह्य. आज बहिनीईले बी आनलं का?"

हे ती माह्याशी नाई बोलली. माह्या बहिणीशी बी नाई. ती काकाच्या पोरीकडे पाहून बोलली.

मागच्या बारीले. पाणी पिऊन पाह्यलं होतं हिनं. खारट आहे म्हणून सांगून आली होती. दसऱ्याच्या सुट्टीत ही तिच्या मामाकडे गेली होती दोन दिवस, अन् मामा राहतात वाशीमले! अन् परत आल्यावर मी इचारलं होतं काय केलं, तर म्हणे काही नाई, झोपली.

मी दिवसभर काकाची टेस्ट घेऊन राह्यली, आई-काकूचं मीठ-मेथी पाहून राह्यली, बालाजीसमोर एक डोळा उघडा ठेवून राह्यली, अन् जिच्यावर डाऊट घ्याचा होता ती माह्याच बाजूले भुट्टा खात होती.

"कोनाची आयडिया?" मी इचारलं.

"माही," ती म्हणे.

"काकूची नाई?"

"नाई. मीच मनली बाबाले का मले अकरावी वाशीमले कराची आहे. अथचे क्लास चांगले आहेत. मले डॉक्टरीचं कराचं आहे, तुले तं नाई ना कराचं." मंग एकदम घाईनं बोलाले लागली, "तुले सांगाचंच होतं वो. लय दिवसापासून. पन तुहं थे बेंचचं, सायकलचं ऐकलं का मले तोंड उघडताच येत नव्हतं. मनून मी बाबाले मनली, आधी सगळ्याईले मस्त फिराले नेऊ, तिचा मूड चांगला झाला का मंग सांगू. अन् ती जे मागन थे द्या मनलं. कोनत्याच गोष्टीले नाई मनू नका."

म्हणजे ते सगळे हाव तिनं सांगतलेले होते. काकाईनं माह्यापासून लपवाले हाव म्हटलं नाई, पोरीनं सांगतलं म्हणून हाव म्हटलं. माही टेस्ट सुरू व्हायच्या आधीच तिले मालूम होती, कारण टेस्ट तिलेच तर सांगतली होती मी!

वर गेलो. जाणं भागच होतं, बाई हाका मारून राह्यली होती. खोली बरी होती, हे बी सांगते. उजेड होता. एका कोपऱ्यात ओटा, खिडकीतून समोरच्या घराची टाकी दिसे. काकानं आमाले पाह्यलं अन् भिंतीवरचं पंख्याचं बटण चालू-बंद करत राह्यले. पंखा फिरे, थांबे, फिरे, थांबे.

"सांगतलं?" त्याईनं पोरीले इचारलं.

"या काकूनंच सांगतलं," पोरगी म्हणे.

घरमालकीण बाई म्हणे, "मी काय सांगतलं बावा?"

बहिणीनं धनुष्यबाण ओट्यावर ठेवला अन् इचारलं, "काका, आपन अथी राहाले येनार का?"

मले रडू येत होतं, पण मी रडणार नव्हती. तिच्यासमोर तर मुळीच नाई. मी सरळ काकाकडे पाह्यलं अन् म्हटलं, "काका, मंग मले बी घेऊन चाला. मी बी अथीच राहते हिच्यासंगं. अकरावी करते."

काकानं विचार बी केला नाई.

"हाव. तू बी चाल. तुह्या बाबाले मी सांगतो."

पाहा, आता हे कसं झालं. तोच आवाज. तीच मान हलवणं. खिडकी, भुट्टा, धनुष्यबाण, पिझ्झा, उडी, अन् आता हे. सकाळपासून ज्या स्पीडनं हाव येत होतं त्याच स्पीडनं आलं. हे त्यांचं स्वतःचं हाव आहे का पोरीनं सांगतलेलं हाव आहे, हे मी कसं ओळखाचं? माह्या बाबाले सांगतो म्हणतात, पण बाबा काय म्हणतीन? अन् मी खरंच हो म्हटलं, अन् उद्या दुकान उघडल्यावर काका पुन्हा "ठेव तथी"वर आले तर?

मी तिच्याकडे पाह्यलं. ती हो म्हण असं तोंडानं म्हणत नव्हती. नको बी म्हणत नव्हती. खिडकीची कडी लावून काढून पाहत होती.

"नोको," मी म्हटलं. "मी गंमत केली. मले रिसोडच बरं आहे."

"पक्कं?" काका म्हणाले.

"पक्कं."

काकानं पंखा बंद केला. एसटीत परत येताना मी बहिणीसंगं बसली, ती काकासंगं. खिडकी मी मागितली नाई.

निकाल लागल्यावर काकू अन् ती गॅस, चार भांडे घेऊन वाशीमले गेल्या. मी रिसोडच्या कॉलेजात एकटी गेली. सायकल आता पूर्ण माही, अन् पूर्ण सायकल लय मोठी लागते, ते कोणाले सांगाचं नाई. आमचं बोलणं बंद झालं असं नाई. आमी रोज मेसेज करतो. पण तिनं "मस्त आहे" लिवलं की मी ते दोनदा वाचते. पहिले एकदाच वाचत होती.

आषाढात मी पहिल्यांदा तिच्याकडे राहाले गेली. काकानं पीठ, भाजी देली होती पोचवाले. खोलीत गेली तर पाहते काय, दोन खाटा. एकीवर तिची चादर. दुसरीवर नुसती पुस्तकं, गाईड, नोट्सच्या झेरॉक्स, अशी भरलेली. अन् काकूची गादी खाली फरशीवर गुंडाळून ठेवलेली.

"काकू, तुमी खाली झोपता?"

"मले खाटेवर झोप नाई येत वो. पाठ धरते," काकू म्हणे, अन् कुकरचं झाकण लावाले वळली.

काकू आमच्या घरी वर्षानुवर्षं खाटेवरच झोपते. मले चांगलं मालूम आहे, तिच्या बाजूलेच माही खाट.

मंग दोन खाटा कायले आणल्या? कवा आणल्या, मी नोको म्हणाच्या आधी का मंग? घरमालकीण बाई खालीच राहते, दोन मिन्टात इचारता आलं असतं. काकाले बी इचारता येते, रोज डबा मीच नेते. मी त्या खाटेकडे पाहत उभी राह्यली. चुलत बहीण मोबाईलवर काही तरी पाहत होती, का पाहत असल्यासारखं करत होती.

"बस ना," ती म्हणे. "उभी कायले?"

मी इचारलं नाई. पुस्तकं एका बाजूले सरकवली, अन् बसली.